होडीखालचं बाळंतपण

त्या वर्षी एप्रिलात आमच्या सासऱ्यांनी पुन्हा खोप्या साफ करायला घेतल्या, तेव्हा पेडर त्यांना सरळच म्हणाला, "बाबा, तुमचे भाडेकरू कधीच पळाले. आता झाडलोट कुणासाठी चाललीय?"

पेडर म्हणजे माझा नवरा. तोंडाचा फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. बाबांनी वर पाहिलंच नाही. ते ओल्या गवतात गुडघे टेकून बसले होते आणि दगडी खोपीच्या तोंडातून हात पार खांद्यापर्यंत आत घालून कुजलेलं शेवाळ ओढून काढत होते. "घर झाडलेलं असावं," ते म्हणाले. "यायचं की नाही ते त्यांचं त्या बघतील."

आमच्या ग्रोसोय बेटावर माणसांचं घर एकच, आमचं. बदकांच्या खोप्या मात्र जिकडेतिकडे. दगडाच्या, फळकुटांच्या, माशांच्या फुटक्या पेट्यांच्या. एक तर आता हयात नसलेल्या सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या लाकडी खोक्याची. वसंतात आयडर बदकं समुद्रावरून यायची, या खोप्यांत अंडी घालून बसायची, आणि अंडी पळवणारे गल पक्षी, कावळे यांच्यापासून आम्ही त्यांची राखण करायची. बदकीण स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून अंड्यांभोवती पांघरते. पिल्लं घेऊन ती समुद्रावर गेली की ती लव आमची, रजया-उशांसाठी विकायची. बाबांच्या आजोबांच्या आधीपासून हे असंच चालत आलेलं. मी डोंगरातल्या गावातून लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं, हे लोक नव्या सुनेची चेष्टा करतायत. बदकं बसली की दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, मोठ्यानं हाक मारायची नाही, हातोडी वाजवायची नाही. आणि बदकांत फिरणाऱ्यानं दरवर्षी तेच कपडे घालायचे, म्हणजे त्या बुजत नाहीत. पहिल्या वर्षी मी लाल रुमाल बांधून अंगणात आले, तर सासूबाईंनी तो माझ्या डोक्यावरून ओढला आणि चुलीत घातला! वर मलाच म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणात कुणी ढोल वाजवला तर चालेल का तुला?"

बाबांचा ठरलेला वेष म्हणजे एक राखाडी लोकरी स्वेटर. कोपरांना ठिगळं, पोटावर डांबराचा डाग, आणि सगळ्याला पाइपच्या तंबाखूचा वास. तो अंगात घालून ते खोप्यांमधून गुणगुणत फिरायचे. गाणंबिणं नाही, नुसतं नाकातल्या नाकात एकच सूर. बदकिणी मानसुद्धा वर करायच्या नाहीत.

मग हिल्मारचे मिंक आले. हिल्मार पेडरचा चुलतभाऊ, शेजारच्या लांगहोल्म बेटावरचा. त्यानं कातड्यांसाठी मिंक पाळले होते पिंजऱ्यात. मांजरापेक्षा लहान, लांबुडकं जनावर, पोहण्यात पटाईत, आणि पोट भरलं तरी मारत सुटणारं. एका वादळात पिंजरे फुटले आणि त्यातले काही पोहत आमच्याकडे आले. त्या सकाळी बाबा एकेका खोपीत हात घालत होते आणि रक्ताळलेली पिसं बाहेर काढत होते. मी टोपली धरून मागून चालत होते. पुढं वर्षभर सापळे लावून त्यांनी ते सगळे मिंक संपवले, पण पुढच्या वसंतात एकही बदक आलं नाही. त्याच्या पुढच्या वसंतातही नाही. पेडर आणि हिल्मारचं बोलणं तेव्हापासून बंद.

"या वर्षीही नाही आली," पेडर त्या दिवशी जेवताना म्हणाला, "तर हिवाळ्याआधी आपण पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर राहायला जायचं. माशांच्या कारखान्यात मला काम देतायत. घरात नळ आहे, वीज आहे. हे बदकांचं बेट आहे बाबा. बदकंच नाहीत तर आपण इथं बसून काय करायचं?"

बाबा बटाटा सोलत होते. सोलता सोलता थांबले. "बरं," ते म्हणाले. एवढंच.

खोटं कशाला सांगू, नळ म्हटल्यावर माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. विहिरीवरून बादल्या वाहून माझे खांदे भरून आले होते. पण ते 'बरं' ऐकून मी ताट तसंच बाजूला सारलं. म्हातारा माणूस भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या एप्रिलात पाऊस काही उघडेना. खोपीत अंथरायचं शेवाळ आधी खडकांवर पसरून खडखडीत वाळवावं लागतं. ओलं राहिलं तर अंडी गारठतात. बाबा सकाळी पसरायचे आणि दुपारी धावतपळत गोळा करायचे. त्यांचे हात मिठानं फाटले होते. रोज संध्याकाळी मी त्यांना माशाच्या यकृताचं तेल चोळायची, आणि ते "बास, बास, मला तळणार आहेस का?" म्हणायचे.

पेडरही तेव्हा नीट नव्हता. हिवाळाभर उत्तरेत कॉड मासेमारीला जाऊन आला होता, कंबर धरलेली. सकाळी त्याचे बूट घालायला मला वाकावं लागायचं. त्यामुळं त्याची होडी हिवाळ्यात पालथी घातली होती तशीच किनाऱ्यावर दगडांवर पडून होती. खरं तर आमच्याकडची रीत अशी की, बदकं उतरायच्या आत होडी डांबरून पाण्यात गेलेली असली पाहिजे. पण बदकं येणारच नाहीत म्हटल्यावर घाई कसली, असं तो मनाशी म्हणाला असणार. गाबोळीचा मासा अजून किनाऱ्याला लागायचा होता. हा मासा गुबगुबीत, बेढब, तोंडाकडं बघवत नाही. पण पोटात ही एवढी गाबोळी, अंडीच अंडी! वसंतातले ते थोडे आठवडे आमचं वर्ष तारून न्यायचे.

मे महिन्यात एक दिवस पाऊस उघडला. पेडर डांबराचं भांडं आणि ब्रश घेऊन गेला. लगेच परत आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसला.

"ओलॉग," तो मला म्हणाला, "होडीखाली कुणीतरी बसलंय."

"मांजर असेल."

"मांजर नाही."

बाबा खिडकीपाशी पाइप भरत होते. त्यांच्या हातातली तंबाखू जमिनीवर सांडली. ते खुंटीवरचा स्वेटर घालून बाहेर पडले. आम्ही दोघं मागोमाग. होडीपासून दहा-बारा पावलांवर त्यांनी आम्हाला हातानं थांबवलं आणि स्वतः ओल्या वाळूत पोटावर झोपून सरपटत पुढं गेले. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस! मला त्यांच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. ते कितीतरी वेळ हलले नाहीत.

परत आले तेव्हा दाढीत वाळू, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तीच आहे," ते म्हणाले. "चोचीवर खाच असलेली. सासूच्या खोक्यात बसायची बघ तुझ्या, तीच. वाचली म्हणजे ती. अंडी घातलीत पोरी, बसलीय."

"पण होडीखाली का?" पेडर म्हणाला. "एवढ्या खोप्या घासूनपुसून ठेवल्यात तुम्ही!"

बाबा खाली बघत म्हणाले, "शेवाळ मीच ठेवलं होतं तिथं. पावसात भिजू नये म्हणून."

पेडर बघतच राहिला. "तुम्ही? जन्म गेला तुमचा या बदकांत! कोरडं शेवाळ, वर छप्पर, समोर पाणी, तिला आणखी काय पाहिजे होतं? बोलावणंच धाडलंत की!"

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "तिची नाही."

आता गोष्ट अशी होती. बदकीण एकदा बसली की तीन-चार आठवडे उठत नाही. दचकून उठलीच तर भीतीनं अंड्यांवर घाण करते आणि पुन्हा बसायला येत नाही. आणि आमच्याकडे दुसरी होडी म्हणजे एक चपटी डोंगी, शेजारच्या बेटापर्यंत जायला ठीक. ती घेऊन जाळी टाकायला उघड्या समुद्रात गेलं तर माणूसच जाळ्यात यायचा. म्हणजे बदकीण बसली होती ती आमच्या वर्षाच्या भाकरीवर.

त्या दिवशी बाप-लेकांचं जे झालं ते मी भांडी घासायचं सोडून ऐकलं.

"एक बदक," पेडर म्हणाला. "समुद्रात लाखांनी असतील."

"समुद्रातल्यांचं मला काही सांगू नकोस. दारात आलेलीचं बोल."

"बरं, दारातलीचं बोलू. आपण राखण करायची, तिनं लव द्यायची. व्यवहार आहे हा. एका बदकिणीची लव किती? मूठभर. त्यात उशीसुद्धा व्हायची नाही. मग मी कशाच्या बदल्यात हंगाम सोडू?"

"बदल्यात आधीच घेतलंय," बाबा म्हणाले. "हे घर कशावर उभं राहिलं? तुझी शाळा कशावर झाली? आणि मिंक काय तिनं आणले होते इथं?"

"मीही नव्हते आणले! हिल्मारनं आणले."

"माणसानंच आणले ना? तिला काय कळतंय, हिल्मार कोण आणि पेडर कोण? तिला माणूस तेवढा ठाऊक. माणसानं तिची पोरं मारवली, आणि ती परत माणसाच्याच दाराशी येऊन बसलीय. आता तिला काय सांगतोस, जा, आमची गाबोळी आलीय?"

पेडर ताडकन उठला आणि बाहेर गेला. बाबा त्याच्यामागं, आणि मी फडकं हातात घेऊन त्यांच्यामागं. पेडरनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली. मी बाबांना म्हटलं, "अडवा ना त्याला!"

"होडी त्याची आहे," बाबा म्हणाले, हळूच. "उचलायची तर उचलू दे."

पेडर वाकून उभा होता. दंडाच्या शिरा ताणलेल्या. होडीच्या कडेखालून ती दिसत होती, तपकिरी, शेवाळाच्याच रंगाची, चोचीवर खाच. तिनं मान किंचित वळवली आणि त्याच्याकडं पाहिलं. हलली नाही.

"उठत का नाही ही?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी एवढा जवळ आलोय."

"इथं कुणी उठवत नाही, एवढं तिला माहीत आहे," बाबा म्हणाले.

पेडरनं बोटं एकेक करून सोडली. कमरेवर हात ठेवून सरळ झाला, कळ आली असणार, तोंड वेडंवाकडं झालं. "च्यायला या बदकाच्या!" तो म्हणाला, पण तेही कुजबुजत म्हणाला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तो डोंगी वल्हवत लांगहोल्मला गेला. हिल्मारच्या दारात. इतकी वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याच्याकडं, बोटीवर हाताखाली घे म्हणून सांगायला. काय बोलणं झालं ते त्यानं मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "हिल्मारनं विचारलं, तुझी होडी कुठं आहे? मी खरं ते सांगितलं. तो हसला नाही. त्याची माणसं मात्र खो खो हसली."

आणि ती माणसं हसतच राहिली. हिल्मारच्या बोटीवर पेडरला मागच्या टोकाला बसवलं, नवख्याच्या जागेवर. दिवसभर मासे चिरून गाबोळी काढायची, आतडी पाण्यात फेकायची. स्वतःच्या होडीचा मालक असलेला माणूस! रोज विचारायचे, "काय पेडर, बाळंतीण कशी आहे? दूध येतंय का?" एकानं तर लहान मुलाचे विणलेले मोजे आणून दिले, बदकाच्या पिल्लांना म्हणून. लांगहोल्मच्या दुकानात गेले तर बायका मलाही सोडायच्या नाहीत. "ओलॉग, बाळंतिणीसाठी सायीची लापशी करून देऊ का ग?" अशा थाटात चालायचं सगळं. मी म्हटलं, "करा की. आमच्याकडं खाणारी तोंडं आहेत." पण घरी येताना डोंगीत बसून कानशिलं तापायची.

पेडर घरी यायचा तो आतड्यांच्या वासानं भरून. हात गार पडलेले, बोटं चिरलेली. मी गरम पाण्यात त्याचे हात धरून बसायची. मग तो कॉफी प्यायचा, आणि झोपायच्या आधी दाराशी उभा राहून होडीकडं एकदा बघून यायचा. रोज. मी कधी त्याला तसं म्हणून दाखवलं नाही, दाखवलं असतं तर बंद केलं असतं त्यानं. पण अशा माणसाशी माझं लग्न झालं याबद्दल मी त्या दिवसांत मनातल्या मनात किती आभार मानले, कुणाचे मानले तेही ठाऊक नाही.

बाबा दिवसभर होडीजवळच्या खडकावर बसायचे. कावळा आला की टोपी हलवायचे. मी जेवण तिथं नेऊन द्यायची, सुका कॉड, लोणी, पातळ कडक भाकरी. एकदा जेवण घेऊन गेले तर बाबा खडकाच्या खाली पडलेले. शेवाळावरून पाय घसरला होता. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाय मोडलाय आणि बोट ओठांवर!

मी त्यांना काखेत धरून, अर्धं ओढत, घरापर्यंत आणलं. पेडरनं किनाऱ्यावरून डॉक्टर आणवला. घोटा मोडला होता. प्लास्टर घालून पलंगावर बसवल्यावर बाबांनी पहिलं काय केलं असेल तर अंगातला स्वेटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"मला?" मी म्हटलं. "मला बघून उठली ती, तर?"

"तुला कुठं बघणार आहे? स्वेटर बघेल. आणि गुणगुणायचं. नाकातनं."

"मला तो सूर येत नाही, बाबा."

"मलाही येत नव्हता. ये इकडं, बस."

आणि त्या म्हाताऱ्यानं प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून मला गुणगुणायला शिकवलं. "खाली, खाली. चर्चमध्ये म्हणतेस तसं नको. गाईची धार काढताना काय म्हणायचीस माहेरी? हां, तसं." पेडर चुलीशी पाठ करून बसला होता, त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.

पहिल्या दिवशी मी स्वेटर घालून गेले. स्वेटर गुडघ्यांपर्यंत लोंबत होता, वास तर असा की बाबाच बरोबर चालतायत. खाली बसले, गुणगुणले. बदकिणीनं मान उंच केली. छाती फुलवली, घशातून घोगरा आवाज काढला. आता उठते आणि सगळा सत्यानाश होतो, असं वाटलं. मी डोळे मिटून तसंच गुणगुणत राहिले, धार काढताना म्हणायची ते. डोळे उघडले तेव्हा तिनं चोच पुन्हा पिसांत खुपसली होती. घरी पळत जाऊन बाबांना सांगितलं. "हं," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. पण मला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

मग एका सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत मला लहान लहान पंजांचे ठसे दिसले. ते ठसे मी ओळखत होते. बोटांच्या टोकांना नख्या, दोन-दोनच्या जोडीनं उडी मारल्यासारखे, पाण्यातून निघून खडकांकडं गेलेले. मी तशीच घराकडं पळाले.

पेडरनं ऐकलं आणि बशी सरकवून उठला. "सापळे लावतो," म्हणाला, आणि लावलेही. पण एक माणूस दिवसभर बोटीवर, एक पलंगावर, आणि मी एकटी. बेटाच्या दुसऱ्या टोकाकडं कोण बघणार? बोटीवर त्या दिवशी त्यानं ती गोष्ट काढली. ओरडून नाही, भांडून नाही. जाळं ओढता ओढता नुसतं म्हणाला, "आमच्याकडं परत मिंक आलंय, हिल्मार."

पेडर सांगतो, त्यानंतर बोटीवर कुणीच मोज्यांची थट्टा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी हिल्मार बोटीवर गेलाच नाही. आपली माणसं पेडरच्या हवाली केली, "आज तू पुढं बस" म्हणाला, आणि स्वतः बुटका काळा कुत्रा घेऊन आमच्या बेटाच्या पलीकडच्या टोकाला उतरला. घराकडं आला नाही. मी लांबून त्याची पाठ पाहत होते. दोरीला बांधलेला कुत्रा खडकांच्या फटींत तोंड घालायचा, हिल्मार गुडघ्यांवर बसून दगड सरकवायचा, पुन्हा पुढं. पाऊस आला तरी उठला नाही. मी थर्मासमध्ये कॉफी भरून वाटेतल्या दगडावर ठेवून आले; तो गेल्यावर पाहिलं तर थर्मास रिकामा, धुऊन ठेवलेला. दोन-तीन दिवस असंच चाललं.

मग एका दुपारी तो आमच्या दाराशी आला. हातात मेलेलं मिंक, शेपटीनं धरलेलं. त्यानं ते पायरीवर ठेवलं आणि टोपी काढली. तिशी-पस्तिशीतला आडदांड माणूस, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"एकटंच होतं," तो मला म्हणाला. "मादी. पिल्लं व्हायची होती अजून."

आतून बाबांनी विचारलं, "कोण आहे?"

"हिल्मार आहे, बाबा."

आत पलंग करकरला. मग बाबा म्हणाले, "मग दारात काय उभा आहे? ये म्हणावं. कॉफी घे."

हिल्मार आत आला आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. टोपी हातात फिरवत होता. "काका," तो म्हणाला, "मी पिंजरे मोडून टाकलेत. कधीच. सांगायला यायचं होतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "इथून दिसतं."

"मग काही बोलला का नाहीत?"

"तूच यायचा होतास. मी कशाला बोलू?" आणि बाबांनी त्याच्याकडं साखरेचं भांडं सरकवलं. हिल्मारनं दोन्ही हातांनी ते घेतलं. मी पाठ फिरवून उगीचच भाकरी कापत बसले.

जूनमध्ये एका स्वच्छ सकाळी होडीखालून बारीक चिवचिव ऐकू आली. मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मला बाहेर न्या. उचलून न्या, ओढून न्या, काय करायचं ते करा." पेडर आणि त्याला बोटीवर न्यायला आलेला हिल्मार, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. दोघं भाऊ खुर्चीच्या दोन बाजू धरून चालत होते आणि बाबा मध्ये बसून "हळू रे, हळू, मी काय माशांची पेटी आहे?" म्हणत होते.

बदकीण बाहेर आली. इतके दिवस न खाल्ल्यानं वाळून अर्धी झाली होती. तिनं अंग झटकलं. मागून एकेक करून काळपट गोळे बाहेर पडले, पडत, उठत, एकमेकांवर आदळत. पाणी बऱ्यापैकी लांब होतं, ओहोटी होती. ती दोन पावलं टाकायची आणि थांबायची. आम्ही चौघंही बघत होतो. एक पिल्लू दगडांमधल्या खाचेत पडलं. पेडर पुढं झाला, बाबांनी त्याची बाही धरली. पिल्लू धडपडलं, घसरलं, पुन्हा धडपडलं आणि वर आलं. पेडरच्या तोंडून "शाब्बास!" निघून गेलं. मग ती पाण्यात उतरली आणि तिच्यामागं सगळी ओळ पाण्यावर तरंगायला लागली.

"धन्यवाद," बाबा म्हणाले. समुद्राकडं बघून, टोपी काढून म्हणाले. हिल्मारनंही टोपी काढली. पेडरच्या डोक्यावर टोपी नव्हती; त्यानं केसांवरून हात फिरवला.

त्यानंतर पेडरनं होडी सरळ केली. खाली, बदकीण बसली होती तिथं, करड्या लवेचा गोल होता, अजून ऊबदार. खरंच मूठभर. मी ती काडीकचरा काढून साफ केली आणि बाबांना दिली. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरली, गालाला लावली. "वजनच लागत नाही," म्हणाले.

गाबोळीचा हंगाम तोवर सरला होता. पण हिल्मारनं पेडरला वाटा दिला तो गड्याचा नव्हे, भागीदाराचा. पेडर घ्यायला तयार नव्हता. हिल्मार म्हणाला, "गप घे. बाळंतिणीचा आहेर समज."

ऑक्टोबरात मीच विचारलं, "मग? किनाऱ्यावर कधी जायचं?" पेडर होडीला शेवटचा डांबराचा हात देत होता. "कोण म्हणालं जायचं?" म्हणाला. मग त्यानं आणि हिल्मारनं होडी ओढून आणली आणि त्याच दगडांवर, त्याच जागी पालथी घातली. खाली बाबांनी खडखडीत वाळलेलं शेवाळ अंथरलं, काठी टेकत, कुणाला हात लावू न देता. "आणि वसंतात मासेमारी?" मी म्हटलं. "हिल्मार येईल न्यायला," पेडर म्हणाला. "पुढची जागा ठेवलीय माझी."

बाबा नाताळच्या आधी गेले. झोपेत, त्रास नाही काही. हिल्मारच्या बोटीतून त्यांना चर्चच्या बेटावर नेलं. ती मूठभर लव मी एका लहान पिशवीत शिवली होती, ती त्यांच्या डोक्याखाली ठेवली. स्वेटरही बरोबर द्यावा असं पेडर म्हणत होता. मी म्हटलं, नाही. तो धुवायचाही नाही. खुंटीवर राहू दे.

एप्रिलात बर्फ वितळलं. एका सकाळी धुण्याची बादली घेऊन बाहेर आले तर होडीच्या बाजूनं घोगरा आवाज आला. बादली तिथंच ठेवली, आत जाऊन स्वेटर घातला आणि हळूहळू निघाले. लांबूनच खोप्यांकडं नजर टाकली. दगडी खोपीच्या तोंडाशी एक तपकिरी पाठ दिसली. पलीकडं फळकुटाच्या खोपीत आणखी एक. मशीनच्या खोक्यात एक. मला पुढं दिसेनासं झालं, डोळे पुसत पुसत चालले.

होडीखाली ती होती. चोचीवर खाच. मी वाळूत बसले आणि नाकातल्या नाकात गुणगुणायला लागले, खाली, खाली, बाबांनी शिकवलं तसं. तिनं मान वर केली. स्वेटरच्या कोपरावरच्या ठिगळांकडं पाहिलं, पोटावरच्या डांबराच्या डागाकडं पाहिलं, आणि चोच पुन्हा पिसांत घातली.

पेडर दाराशी उभा होता, पायात एकच बूट. "आली?" त्यानं ओठांनीच विचारलं.

मी त्याच्याजवळ गेले. "बाबांना ओळखलं तिनं," मी म्हणाले.

तो माझ्या खांद्यावर, त्या स्वेटरवर, कपाळ टेकवून थोडा वेळ उभा राहिला. मग मी बादली उचलली आणि धुणं आत नेऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलं.